मणक्यात ‘गॅप’ निघाला म्हणून खाटेवर बसवलेल्या ताईंना

वाचकाचं पत्र

मी सेलू तालुक्यातली आहे, वय 36. दिवाळीनंतर कापूस वेचताना कंबर धरली. पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्या, मग परभणीला एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप निघाला. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही असं सांगितलं, पट्टा दिला. दुखणं कंबरेत आणि उजव्या कुल्ल्यात आहे, खाली पायात येत नाही. दोन महिने झाले, पाणी सासूबाई भरतात आणि आल्या-गेल्याला सांगतात की सुनेचा मणका गेला. मालकांनी रिपोर्ट सगळ्या पाहुण्यांच्या मोबाइलवर पाठवला. कोणी म्हणतं ऑपरेशन करा, कोणी म्हणतं मणका बसवून घ्या, जाऊबाई म्हणतात पिशवी काढून टाक. धाकट्या बहिणीला स्थळ आलं होतं, त्यांनीही विचारलं, मणक्याचं घराण्यात आहे का? तीन वर्षांच्या लेकराला मी दोन महिन्यांत कडेवर घेतलं नाही. रात्री कूस बदलायलाही भीती वाटते. मी अपंग होणार का? पुन्हा एमआरआय काढू का?

उत्तर

ताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो. अपंग होणार नाही आणि पुन्हा एमआरआय काढायची गरज नाही. मात्र ही उत्तरं पक्की धरण्याआधी काही गोष्टी स्वतःशी तपासून घ्या.

लघवी अडते आहे का, किंवा नकळत होते आहे का? शौचावरचा ताबा सुटला आहे का? मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसताना जिथे टेकतं तिथे बधिर वाटतं का? चालताना पाऊल लोंबकळतं, चप्पल निसटते, टाचांवर किंवा चवड्यांवर चालता येत नाही, असं काही आहे का? यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर हे सदर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरचं सरकारी ‘घाटी’ रुग्णालय गाठा. तिथे एमआरआय लागतोच आणि उशीर चालत नाही. दुसरा गट असा : संध्याकाळी ताप, रात्री घाम, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो, त्यामुळे ताप आणि वजन या दोन गोष्टी हलक्यात घेऊ नका. तिसरं म्हणजे सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली राहणं, पहाटे दुखण्यानं जाग येणं आणि हालचाल केल्यावर बरं वाटणं. हा संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्यासाठी वेगळे डॉक्टर आणि वेगळी औषधं असतात.

तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. दुखणं कंबर आणि कुल्ल्यापर्यंत थांबतं. म्हणून आता रिपोर्टकडे वळू. त्याचा फोटो जोडलात हे फार बरं केलं.

पहिली ओळ आहे ‘लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस’, म्हणजे कंबरेचा नैसर्गिक बाक कमी दिसतो. मशीनमध्ये तुम्ही गुडघ्याखाली उशी घेऊन उताण्या पडल्या होत्या, त्यात स्नायू आखडलेले. अशा स्थितीत बाक कमी दिसतोच. पुढे ‘डिस्क डेसिकेशन’. दोन मणक्यांच्या मधल्या गादीतलं पाणी वयानं कमी होतं आणि एमआरआयमध्ये पाणी पांढरं दिसत असल्यानं अशी गादी काळी दिसते. मग ‘एल फोर-एल फाइव्ह डिफ्यूज डिस्क बल्ज’. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी कडेनं सगळीकडून थोडी फुगली आहे. सरकलेली मुळीच नाही. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, ती जागा सोडून सरकू शकत नाही. त्यामुळे ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तिथे बसवण्यासारखं काही निसटलेलंच नाही. ‘इंडेंटिंग थिकल सॅक’ म्हणजे फुगवटा नसांभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला टेकला आहे. टेकला आहे एवढंच, आत नसा मोकळ्या आहेत. शेवटी ‘माइल्ड फोरामिनल नॅरोइंग’, म्हणजे नस ज्या छिद्रातून बाहेर पडते ते किंचित अरुंद झालं आहे. ‘माइल्ड’ म्हणजे सौम्य. फुगवट्याजवळून खाली जाणारी नस खरोखर दबली असती तर कळ कुल्ल्यातून मांडीच्या व पोटरीच्या बाहेरच्या कडेनं पायाच्या अंगठ्याकडे गेली असती, मुंग्या आल्या असत्या, अंगठा वर उचलायला जड गेलं असतं. तुम्हाला तसं काही होत नाही.

आणि सगळं गाव ज्याला ‘गॅप’ म्हणतं तो शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. दोन मणक्यांत अंतर सगळ्यांनाच असतं, ते असावंच लागतं. वयानं ते वाढत नाही, थोडं कमी होतं.

आता प्रश्न असा की हे बदल ज्यांची कंबर कधीच दुखली नाही त्यांच्यात दिसतात का? हे अनेक ठिकाणी तपासलं गेलं आहे. 2015 मध्ये अशा 33 अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात 3,110 माणसं होती आणि एकाचीही कंबर दुखत नव्हती. तिशीतल्या 40 टक्के लोकांत डिस्क बल्ज निघाला, चाळिशीत 50 टक्के, पन्नाशीत 60 टक्के. गादीची झीज तिशीत 52 टक्के आणि चाळिशीत 68 टक्के. तुमच्या बचत गटातल्या, तुमच्याच वयाच्या दहा बायकांना मशीनमध्ये घातलं तर चार-पाच जणींचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल, आणि त्यातल्या कित्येकजणी आज डोक्यावर हंडा घेऊन चालल्या आहेत. तुमचं दुखणं खोटं आहे असा याचा अर्थ नाही. दुखणं खरं आहे. दिवसभर वाकून, पोटाशी भरलेली ओटी बांधून वेचणी केल्यावर कंबरेचे स्नायू आणि सांधे दुखावतात, ते एमआरआयमध्ये दिसत नाहीत. दिसतात त्या वयाच्या खुणा, आणि दोष त्यांच्यावर टाकला जातो.

वेगवेगळे लोक वेगवेगळं का सांगतात तेही पाहा. अमेरिकेत 63 वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत 10 ठिकाणी काढून पाहिला गेला. दहा रिपोर्टमध्ये मिळून 49 वेगवेगळे दोष लिहिले होते आणि त्यातला एकही दोष दहाच्या दहा रिपोर्टमध्ये नव्हता. म्हणून तुमचा रिपोर्ट आणखी चार ठिकाणी दाखवलात तर आणखी चार शब्द हाती येतील. कंबरेला त्यानं काही फरक पडणार नाही.

शब्दांनी मात्र फरक पडतो, आणि तोही वाईट. कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या 44 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधला एकेक दोष समजावून सांगितला. दुसऱ्याला सांगितलं की तुमचा एमआरआय नॉर्मल आहे, यात दिसतं ते वयानुसार होणारं आहे. उपचार दोघांना सारखेच. सहा आठवड्यांनी ज्यांना दोष वाचून दाखवले होते तेच जास्त घाबरलेले होते, आपला मणका बिघडला आहे असं मानत होते आणि त्यांच्या रोजच्या हालचालीही कमी होत्या. 2021 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमचे दोन महिने असेच गेले, ताई. सोबत आणखी वीस-पंचवीस माणसांनी रिपोर्ट वाचला, म्हणून जरा जास्तच कठीण गेले.

भीती कंबरेत कशी उतरते ते सांगतो. वाकलं की मोडेल असं वाटलं की माणूस श्वास रोखून, पाठ ताठ धरून हालतो. दिवसभर ताठ धरलेले स्नायू संध्याकाळी ठणकतात. ठणकलं की खात्री पटते, पाहा, मणकाच. झोप तुटते. झोप तुटली की मेंदू तेवढ्याच दुखण्याला जास्त मोठं करून दाखवतो. न वापरलेली कंबर आणि मांड्या दोन महिन्यांत अशक्त होतात, मग बादली उचलली की खरंच दुखतं. कुशीवर वळायची भीती इथूनच आलेली आहे. कुशीवर वळल्यानं गादीला काहीही होत नाही.

आता घरातलं, कारण अर्धं दुखणं तिथे अडकलं आहे.

सासूबाई पाणी भरतात, दमतात, आणि सून पडून आहे हे लोकांना सांगावं लागतं तर मोठं कारण सांगतात. त्यांचा राग चुकीचा नाही, त्या सांगतात ते कारण तेवढं चुकीचं आहे. मालकांना सोबत घेऊन त्यांच्याशी बोला. शब्द साधे ठेवा : ‘डॉक्टरांच्या कागदात मणका गेल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. कंबर दुखावली आहे, हळूहळू काम करूनच ती सुटणार आहे. सगळं एकदम होणार नाही, पण सोमवारपासून चूल आणि भांडी माझी, आणि पुढच्या आठवड्यापासून अर्धी बादली पाणीही माझं.’ कामाची वाटणी ठरवून घ्या. ‘जमेल तेवढं करीन’ असं म्हटलं की दोघींच्याही मनात रोज हिशेब चालतो. मालकांना सांगा, रिपोर्ट आता कोणाला पाठवायचा नाही आणि कोणी विचारलं तर एकच उत्तर द्यायचं : ‘नस दबलेली नाही, व्यायाम चालू आहे.’ दहा वेळा ‘गॅप’ ऐकलेलं माणूस दहा वेळा ‘व्यायाम चालू आहे’ ऐकलं की पुढचं विचारत नाही.

बहिणीच्या स्थळाचं वाचून वाईट वाटलं. तिशी-चाळिशीतल्या निम्म्या माणसांमध्ये दिसणारी गोष्ट हा घराण्याचा आजार म्हणता येत नाही. विचारलंच तर घरच्या मोठ्या माणसानं सांगावं की मोठीची कंबर वेचणीत दुखावली होती, आता चालते-फिरते आहे. रिपोर्ट दाखवायला निघू नका. कागद दाखवला की त्यावर चर्चा होते, आणि ती नेहमी भीतीकडेच जाते.

कंबर कामाला कशी लावायची ते बारकाईनं सांगतो, कारण ‘व्यायाम करा’ एवढं सांगून कोणाचं भागत नाही.

आधी मोजमाप. दुखण्याला शून्य ते दहा असे आकडे द्या. हालचाल करताना चारपर्यंत गेलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. सकाळीही जास्तच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. मोडलं काही नाही, एक पायरी खाली या.

पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं चाला. उन्हाच्या आत चाला, चप्पल घट्ट पट्ट्याची असू द्या. दर तिसऱ्या दिवशी दोन-दोन मिनिटं वाढवा. एका वेळी तीस मिनिटं जमू लागली की आठवड्यातून पाच दिवस तेवढं धरून ठेवा. चालणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या 701 लोकांच्या चाचणीत, जी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, टप्प्याटप्प्यानं चालणं वाढवणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला 208 दिवस लागले आणि ज्यांना असा कार्यक्रम दिला नव्हता त्यांच्यातल्या निम्म्यांची 112 दिवसांतच धरली. सोबत खाटेवर किंवा सतरंजीवर तीन हालचाली. उताणं पडून एक गुडघा छातीकडे ओढा, पाच सेकंद धरा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग गुडघे मोडून दोन्ही गुडघे एकत्र डावीकडे-उजवीकडे झुकवा, दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर फुगवा आणि खाली सोडा, दहा वेळा. श्वास चालू ठेवा. बहुतेकांची चूक इथेच होते, श्वास कोंडून व्यायाम केला की तो ताठरपणाच पक्का होतो.

दुसऱ्या आठवड्यापासून हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा, दिवसातून दोनदा. हे सोपं गेलं की खुर्चीऐवजी स्टूल, मग चौरंग, मग पाट, मग जमीन. खाली बसायची बंदी अशीच उठवायची. जमिनीवर बसून भाकरी थापण्यानं गादीला धोका नाही, अर्धा-पाऊण तास एकाच बैठकीत बसणं तेवढं टाळा, मध्ये एकदा उठून उभ्या राहा.

उचलणं पाण्याच्या हिशेबानं वाढवा. दोन लिटरची बाटली जमिनीवरून दहा वेळा उचला आणि ठेवा. तीन-चार दिवस नीट गेले की पाच लिटरचा कॅन. मग अर्धी बादली. कंबर थोडी वाकली म्हणून घाबरू नका, कंबर वाकण्यासाठीच असते. वजन अंगाजवळ धरा आणि झटका देऊ नका, एवढं पुरे. लेकरासाठी थांबायची गरज नाही. त्याला आधी खाटेवर उभं करा, तुमच्या छातीला चिकटू द्या, मग कडेवर घ्या. जमिनीवरून उचलायचं वजन आणि खाटेवरून घ्यायचं वजन यात कंबरेला फार फरक पडतो. उद्याच करून पाहा. पाच पावलं चाला, परत खाटेवर उतरवा.

पट्टा पहिल्या आठवड्यात वजन उचलताना तेवढा लावा, नंतर दिवसाआड, तिसऱ्या आठवड्यात खुंटीवर. झोपताना अजिबात नको.

मध्येच कधीतरी कंबर पुन्हा धरेल. जवळपास सगळ्यांचीच धरते. त्या दिवशी एमआरआय फाइल काढून बसू नका. दोन-तीन दिवस मागच्या पायरीवर या, चालणं पाच मिनिटांचं झालं तरी बंद करू नका, गरम पाण्याच्या पिशवीनं पंधरा-वीस मिनिटं शेका. सलग अंथरुणात पडून राहिल्यानं बरं व्हायला उशीर होतो. गावात दुखलं की सुई मारून घ्यायची सवय असते. त्या सुईत अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस छान वाटतं, वारंवार घेतली तर साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. बिनलेबलच्या पुड्यांचंही तसंच. वेदनाशामक गोळी हवीच असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडे दिवस.

ऑपरेशन कोणाला लागतं? ज्याची नस दबून पायात कळ जाते, सहा ते बारा आठवडे उपचार करूनही ती हटत नाही, किंवा पायातली ताकद कमी होत जाते, त्याला. नुसत्या कंबरदुखीसाठी आणि बल्जसाठी ऑपरेशन नको. पुढे कधी कोणी सुचवलंच तर एवढे तीन प्रश्न विचारा : कोणती नस दबली आहे? माझ्या दुखण्याची जागा त्या नसेशी जुळते का? सहा आठवडे थांबले तर काय बिघडेल? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

पिशवीचं जाऊबाईंना निक्षून नाही म्हणा. कंबर दुखते म्हणून गर्भाशय काढणं हा उपचार नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशाच किरकोळ कारणांवरून काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचा खरोखर त्रास असेल तर सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, तो वेगळा विषय आहे.

झोपेसाठी : कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली वाकळ ठेवा. झोपण्याआधी फोनवर मणक्याचे व्हिडिओ पाहणं बंद करा, त्यातले बहुतेक काही ना काही विकण्यासाठीच बनवलेले असतात. आणि मनाचं स्पष्ट विचारतो. दिवसभर उदास वाटतं, जेवण जात नाही, आपण घरावर ओझं झालो असं सारखं मनात येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी मालकांना सांगा आणि फोन करा, दोन आठवडे थांबू नका.

सहा आठवडे हे सगळं करून डॉक्टरांकडे जा. फाइल नेली तरी बोलणं मिनिटांनी आणि लिटरनं करा : किती मिनिटं चालते, किती लिटर उचलते, लेकराला घेते की नाही, रात्री किती वेळा उठते. पायात कळ उतरू लागली किंवा वर सांगितलेल्या खुणांपैकी एखादी दिसली तर मात्र सहा आठवड्यांची वाट पाहू नका. एमआरआय पुन्हा काढून काही कळणार नाही, कारण दुखणं पूर्ण गेल्यावरही बल्ज फोटोत तसाच दिसू शकतो.

येत्या हंगामात वेचणीला जाल तेव्हा ओटी दहा-बारा किलोची होईपर्यंत पोटाशी बांधून ठेवू नका. पुढे लोंबणारं वजन वाकलेल्या कंबरेला सगळ्यात जास्त ओढतं. चार-पाच किलो झाली की बांधावरच्या गाठोड्यात रिकामी करा, आणि रिकामी करायला जाल तेव्हा कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाका. पहिला आठवडा अर्धा दिवस वेचा, बाकीचा अर्धा सासूबाईंशी आधीच ठरवून घ्या.